स्मोकर गाडीमागे लावण्याआधी

बार्बेक्यूच्या स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. मसाला कोणता, लाकूड कोणतं, याची उत्तरं अमेरिकेतल्या प्रत्येक बार्बेक्यूवाल्याकडे तयार असतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायचं दीड टनाचं लोखंडी धूड, हायवेवरून पाचशे मैल ओढत न्यायचं कसं, हे कुणी सांगत नाही. म्हणून या वेळी फक्त ट्रेलरचे प्रश्न.

आम्ही चार मित्र डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. ५०० गॅलनच्या प्रोपेन टाकीपासून बनवलेला, ट्रेलरवर बसवलेला ऑफसेट स्मोकर (आगीची पेटी, म्हणजे फायरबॉक्स, बाजूला असलेला) विकत मिळतोय. माझी होंडा ओडिसी ३,५०० पाउंड ओढते. विकणारा म्हणतो, स्मोकर तीन हजारांच्या आत आहे. मग जमेल ना?

नाही जमणार. ५०० गॅलनची नुसती रिकामी टाकीच साधारण साडेनऊशे पाउंडांची, म्हणजे ४३० किलोंची असते. पाव इंच जाडीच्या पत्र्याचं वजन दर चौरस फुटाला दहा पाउंडांहून थोडं जास्त भरतं. त्या पत्र्याचा फायरबॉक्स, दारं, चिमणी, जाळ्या, खाली ट्रेलरची चौकट आणि आस, हे सगळं धरलं की असा स्मोकर अडीच ते साडेतीन हजार पाउंडांत कुठेतरी जातो. विकणाऱ्याचा आकडा खरा असला तरी तो रिकाम्या स्मोकरचा. त्यावर तुम्ही लाकूड, कोळसा, तंबू, टेबलं आणि बर्फाने भरलेले कूलर चढवणारच.

शिवाय ओडिसीचे ३,५०० पाउंड गाडीत माणसं कमी असतानाचे आहेत. मॅन्युअल उघडून पाहा, प्रवासी वाढतात तशी ओढण्याची मर्यादा उतरत जाते. तुम्ही चौघं आणि सामान बसलं की हिशेब तिथेच संपला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, पडणारा ट्रेलरचा भारही त्यातूनच वजा करायचा असतो, आणि तीन हजारांच्या ट्रेलरचा तो भार तीनशे ते साडेचारशे पाउंड असायला हवा.

विकत घेण्याआधी विकणाऱ्याला सांगा की ट्रेलर जवळच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, आण. गाडीचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजनं तिथे वेगवेगळी छापून मिळतात. मग ट्रेलर सोडून नुसती गाडी तोला. दोन्ही वेळच्या एकूण वजनांतला फरक म्हणजे ट्रेलरचं खरं वजन. खर्च किरकोळ असतो. जो विकणारा काट्यावर यायला तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

पिकअप घ्यायचा विचार नसेल तर २५० गॅलनचा स्मोकर पाहा. त्याची टाकी जवळपास निम्म्या वजनाची असते, तरी तोसुद्धा ओडिसीला लावायचा की नाही हे काटाच ठरवेल. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या, म्हणजे केसीबीएसच्या स्पर्धेत चिकन, रिब्ज, पोर्क आणि ब्रिस्केट (बीफच्या छातीचं मांस) असे चार प्रकार द्यायचे असतात, आणि प्रत्येक डब्यात सहा परीक्षकांपुरतं मांस लागतं. २५० गॅलनमध्ये हे सगळं आरामात मावतं. ५०० गॅलन लग्नाच्या पंक्तीला ठीक. आधी गाडी काय ओढते ते पाहायचं आणि मग स्मोकर निवडायचा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

ह्यूस्टनहून लिहितो आहे. पिकअप दणकट आहे, वजन मर्यादेत आहे, तरी ताशी ६० मैलांच्या पुढे ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. फायरबॉक्स मागच्या टोकाला आहे आणि लाकडाची रॅक त्याच्याही मागे.

प्रश्नातच उत्तर दिलंत. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की ती उलार होते आणि जू वर उचललं जातं. तुमच्या ट्रेलरचंही तेच झालंय. हिचवर पुरेसा दाब नाही, त्यामुळे ट्रेलरला मोकळेपणी झुलायला वाव मिळतो, आणि वेग वाढतो तसा प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो.

हिचवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. तो घरी मोजता येतो. साधा वजनकाटा तीन-साडेतीनशे पाउंडांच्या वर जात नाही, म्हणून तरफ वापरायची. एका भक्कम फळीचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर ठेवा, दोन्ही आधारांत तीन फूट अंतर ठेवा. ट्रेलरचा कपलर, म्हणजे गाडीमागच्या बॉलवर बसणारं टोक, विटेपासून एक फुटावर फळीवर टेकवा. काट्यावर येईल त्याची तिप्पट म्हणजे खरा भार. मोजताना चाकांना आधी अडणी लावा, आणि ट्रेलर गाडीला जोडल्यावर असतो तसाच सपाट असू द्या.

पहिला उपाय फुकटचा आहे. लाकडाची रॅक मागून काढून आसाच्या थोडी पुढे आणा. फक्त टक्केवारी जुळवण्यासाठी पुढच्या टोकाला सिमेंटची पोती टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने आकडा बसतो, पण दोन्ही टोकांना जड आणि मध्ये हलका असा ट्रेलर एकदा झुलू लागला की थांबायला वेळ घेतो. जड सामान आसाच्या जवळच हवं. रॅक हलवूनही भार दहा टक्क्यांवर येत नसेल, तर चांगल्या वेल्डरकडून आसच काही इंच मागे सरकवून घ्या. बॅकयार्डमध्ये बनवलेल्या ट्रेलरांत आस बरोबर मधोमध लावण्याची चूक सर्रास दिसते.

आणि वाटेत झोका सुरू झालाच, तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने झोका थांबवायचा प्रयत्नही करू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, आणि ब्रेक कंट्रोलर असेल तर त्याची पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. यासाठी ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आणि सात पिनांचा प्लग हवा. चार पिनांच्या प्लगने फक्त दिवे लागतात. टेक्ससमध्ये ४,५०० पाउंडांपर्यंत ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही, पण बऱ्याच राज्यांत ती ३,००० लाच लागू होते. राज्याबाहेर जाणार असाल तर ब्रेक बसवूनच घ्या. नुसतं राज्यात फिरणार असाल तरी मी बसवेन.

शनिवारच्या स्पर्धेसाठी शुक्रवारी रात्री डॅलसच्या ऑफिसमधून निघालो तर कॅन्सस सिटीला पहाटे पोचू. ब्रिस्केटला दहा-बारा तास लागतात. वाटेतच स्मोकर पेटता ठेवून ब्रिस्केट लावली तर?

केसीबीएसच्या नियमात मांस कच्चंच आणावं लागतं. तिथे तपासणी होईपर्यंत त्याला मीठसुद्धा लावायचं नसतं, आणि शिजवायचं ते तुमच्या ठरलेल्या जागेतच. त्यामुळे प्रश्न इथेच मिटतो. पण नुसत्या हौसेखातर घरी परतताना पेटता स्मोकर ओढणारे महाभागही आहेत, म्हणून सांगतो. ताशी ६० मैलांचा वारा फायरबॉक्समध्ये घुसतो, आग तुमच्या ताब्यात राहत नाही, आणि एक ठिणगी रस्त्याकडेच्या वाळल्या गवतात पडली की पुरते. उन्हाळ्यात टेक्सस-ओक्लाहोमात हे विनोदाने घेण्यासारखं नाही. परतीच्या वेळी निखारे विझवा, राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा आणि डबा ट्रेलरवरच ठेवा, गाडीत नको. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो.

तुमचं वेळापत्रकही बदलावं लागेल. शनिवारी चिकन १२ वाजता, रिब्ज साडेबाराला, पोर्क १ ला आणि ब्रिस्केट दीडला द्यायची असते. प्रत्येक वेळेच्या अलीकडे-पलीकडे पाच मिनिटांची मुभा. डॅलसहून साधारण साडेपाचशे मैल आहेत. पहाटे पोचून जाड लोखंड तापवायलाच तास-दीड तास जाईल. गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी पहाटे निघा. विचिटाच्या पुढे फ्लिंट हिल्सचा उघडा माळ लागतो, तिथे बाजूने वारा जोरात येतो, त्यामुळे तो टप्पा दिवसाउजेडी पार केलेला बरा. मांस ४० अंश फॅरनहाइटच्या खाली, कूलरमध्ये. स्मोकरच्या पोटात कूलर, खुर्च्या, कोळशाची पोती कोंबू नका. ते लोखंड उन्हात तापतं आणि खड्ड्यात दार उघडलं की सगळं हायवेवर.

ओव्हरलँड पार्कहून: टीममध्ये शिजवणारे इतर आहेत, ट्रेलर ओढायचं काम माझ्याकडे. निघण्यापूर्वी नेमकं काय तपासू?

तुम्ही टीममधल्या सगळ्यात महत्त्वाच्या सदस्य आहात, हे त्यांना वाचून दाखवा.

टायरपासून सुरुवात करा. ट्रेलरच्या टायरवर एसटी ही अक्षरं असतात. स्मोकर वर्षभर उभा असतो, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर आतून मेलेलं असतं. बाजूच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही छान असो, बदला. हवा टायर थंड असताना, बाजूला लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत भरा. ट्रेलरच्या टायरला कमी हवा म्हणजे उष्णता आणि उष्णता म्हणजे फुटणं. बरेच एसटी टायर ताशी ६५ मैलांपुरतेच असतात. टायरवर वेगाचं अक्षर एल असेल तर ७५. गाडी ८० ला धावते म्हणून ट्रेलरही धावेल असं नाही. स्टेपनी आहे का, आणि तुमचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, हे घरीच पाहा.

मग बेअरिंग. वर्षातून एकदा उघडून नवीन ग्रीस. पहिल्या ५० मैलांवर थांबा, चाकांचे नट पुन्हा आवळा आणि दोन्ही हबचं तापमान पाहा. टीमकडे स्मोकरसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर असेलच, तोच रोखा. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर पुढे जाऊ नका.

कपलरवर छापलेला बॉलचा आकार आणि तुमचा बॉल जुळतो का? दोन इंचांच्या बॉलवर दोन पूर्णांक पाच सोळांश इंचांचा कपलर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या गचक्याला सुटतो. साखळ्या ट्रेलरच्या दांड्याखाली फुलीसारख्या ओलांडून लावा, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्यात अडकेल. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) साखळीला नाही, गाडीच्या हिचला.

स्मोकरचं शेवटी: दारं पट्ट्याने बांधा, कडीवर विसंबू नका. जाळ्या बाहेर काढा किंवा अडकवा. चरबीचा नळ घरीच रिकामा करून बंद करा. मागच्या मोटारसायकलवाल्यासाठी रस्त्यावरची चरबी जीवघेणी ठरते. चिमणीवर झाकण लावा, आणि ती किती उंच जाते ते मोजून आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छप्पर आणि ड्राइव्ह-थ्रूची कमान यांनी बऱ्याच चिमण्या वाकवल्या आहेत.

टेक्ससचं पोस्ट ओकचं लाकूड मिझुरीला नेलं तर चालेल का?

तिथेच विकत घ्या. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेला एमराल्ड ॲश बोरर हा किडा जळाऊ लाकडातून राज्याराज्यांत पसरला. लाकूड हलवण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये प्रक्रिया न केलेलं लाकूड ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. उष्णतेची प्रक्रिया केल्याचं लेबल असलेलं लाकूड नेता येतं. मिझुरीत हिकरी मुबलक मिळते, आणि दोनशे पाउंड ओझंही वाचतं.

न्यू जर्सीहून टेनेसीला जातोय. बक्षीस रोख आहे. पोलिसांनी अडवून ‘कमर्शियल’ म्हटलं तर?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून थोडा सविस्तर. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धंद्यासाठी जाणाऱ्या गाडी-ट्रेलरची मिळून नमूद क्षमता १०,००१ पाउंड किंवा जास्त असेल, तर केंद्राचे व्यावसायिक वाहनांचे नियम लागू होतात. सात हजारांचा पिकअप आणि पाच हजारांचा ट्रेलर म्हणजे तुम्ही तिथे पोचलातच. इथे पाटीवरची क्षमता आणि प्रत्यक्ष वजन यांतला जो आकडा मोठा, तो मोजला जातो.

पण स्वतःचं सामान अधूनमधून, धंद्यासाठी नाही असं नेणाऱ्यांना सूट आहे. घोड्यांचे शो आणि मोटार शर्यती यांसाठी केंद्राच्या मोटर कॅरियर यंत्रणेने हे स्पष्ट केलंय: बक्षिसाची रक्कम साधं उत्पन्न म्हणून करात दाखवायची आणि या छंदाचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा करायचा नाही. बार्बेक्यूला मी हाच निकष लावतो. त्याच स्मोकरवर शनिवारी केटरिंग करून पैसे घेत असाल, खर्च करात दाखवत असाल, ट्रेलरवर कंपनीचं नाव आणि फोन रंगवला असेल, तर मात्र तुम्ही धंद्यातच आहात. मग यूएसडॉट (केंद्राच्या वाहतूक खात्याच्या) क्रमांकापासून सगळं पाहावं लागेल, आणि त्यासाठी सीए नव्हे, वाहन नियम जाणणारा वकील गाठा.

विमा कंपनीलाही फोन करा. गाडीची लायबिलिटी ट्रेलरला सहसा लागू होते, पण स्मोकर चोरीला गेला किंवा उलटला तर त्याची किंमत त्यात नसते. हॉटेलच्या पार्किंगमध्ये कपलरला कुलूप आणि चाकाला क्लॅम्प लावा.

आमची एचओए, म्हणजे वसाहतीतली घरमालकांची संघटना, ड्राइव्हवेवर ट्रेलर ठेवू देत नाही.

मग भांडू नका, स्टोरेज यार्ड घ्या. शेजाऱ्यांना धुराचा वास येतच असतो, त्यात पत्रव्यवहाराची भर नको.

पुण्याहून, निव्वळ कुतूहल: एवढं सगळं ओढत न्यायची गरज काय? तिथेच भाड्याने स्मोकर मिळत नाही?

काही ठिकाणी मिळतो, पण प्रत्येक स्मोकरला स्वतःच्या खोडी असतात: कुठला कोपरा जास्त तापतो, वारा कुठून आला की आग कशी वागते. चार प्रकार अर्ध्या-अर्ध्या तासाने, मिनिटं मोजून द्यायचे असताना अनोळखी स्मोकरवर कुणी पैज लावत नाही. तरी तुमची शंका रास्त आहे. हल्ली बऱ्याच टीम मोठे ऑफसेट घरी ठेवून दोन-तीन उभे ड्रम स्मोकर आणि एक पेलेट कुकर पिकअपमध्येच टाकून येतात. पेलेट चालतात, कारण नियम गॅस आणि विजेवर शिजवायला मनाई करतो, लाकडाच्या गोळ्यांना नाही. आणि ड्रमवाले बक्षिसंही घेऊन जातात. ट्रेलर उलटा घेण्याची कसरत त्यांना करावी लागत नाही, हा फायदा वेगळाच.