गॅमा किरण थांबल्यावरही गोठलेली काच उजळत का राहते?

तुम्ही विचारलंय की द्रव नायट्रोजनमध्ये काचेसारखा गोठवलेला द्रावक गॅमा किरणांखालून काढल्यावरही बराच वेळ मंद उजळतो आणि तापवताना एकदम भडकतो, त्यात काचेच्या रचनेच्या शिथिलनाचा (गोठताना अडकलेले रेणू हळूहळू जागा बदलून सैलावण्याचा) हात किती? माझ्या मते खूप मोठा, आणि तो दोन उलट दिशांनी चालतो.

उदाहरणार्थ, मिथाइलसायक्लोहेक्झेन या द्रावकात थोडं नॅप्थलीन घ्या. किरणांनी उडवलेले काही इलेक्ट्रॉन रेणूंमधल्या फटींत (यांनाच सापळे म्हणू) अडकतात, धनभार नॅप्थलीनवर येऊन थांबतो. इलेक्ट्रॉन परतला की नॅप्थलीन उत्तेजित होऊन प्रकाश देतं. नॅप्थलीनचं स्वतःचं स्फुरण (उत्तेजित झाल्यावर रेंगाळणारा उजेड) काही सेकंदांत विझतं, म्हणजे नंतरचा सगळा उजेड उशिरा परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा. ७७ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, ते मुख्यतः टनेलिंगने (ऊर्जेचा अडथळा न चढता त्यातून आरपार जाऊन) परततात. जवळचे आधी, लांबचे फार उशिरा, त्यामुळे वेळ दुप्पट झाली की उजेड साधारण निम्मा होतो. गोठवलेल्या नमुन्यांतला असा ऱ्हास डिबाय आणि एडवर्ड्स या संशोधकांनी १९५२ मध्येच नोंदवला होता.

आता शिथिलन. इथेनॉलच्या काचेत ते डोळ्यांनी दिसतं, आणि मला हा प्रयोग फार आवडतो. ४ केल्विनला अडकलेला इलेक्ट्रॉन १५०० नॅनोमीटरच्या आसपास, अवरक्तात शोषतो. नमुना ७७ केल्विनपर्यंत आणला की शोषण ५४० नॅनोमीटरजवळ सरकतं आणि काच जांभळी होते. शेजारच्या इथेनॉल रेणूंचे हायड्रॉक्सिल (OH) गट इलेक्ट्रॉनकडे वळलेले असतात, सापळा खोल झालेला असतो. खोल सापळ्यातून टनेलिंग मंदावतं, म्हणजे हे स्थानिक शिथिलन उजेड रोखून धरतं.

काच-संक्रमणाजवळ, म्हणजे काच मऊ पडू लागते त्या तापमानाजवळ (मिथाइलसायक्लोहेक्झेनसाठी सुमारे ८५ केल्विन) मात्र अख्खे रेणू सरकू लागतात. सापळेच मोडतात, आयनसुद्धा हलतात, आणि तो भडका दिसतो.

म्हणून तापमानाप्रमाणे उजेडाचा आलेख काढल्यावर भडक्याचं जे शिखर दिसतं, त्याच्या तापमानावरून थेट सापळ्याची खोली काढू नका. बऱ्याचदा ती ऊर्जा काच सैल होण्याची असते, इलेक्ट्रॉनची नव्हे. ताडून पाहायचं तर ७७ केल्विनलाच नमुन्यावर अवरक्त प्रकाश टाका: न तापवता उजेड वाढला, तर ते अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचं काम. आणि प्रत्येक नमुना त्याच वेगाने गोठवा. घाईने गोठवलेली काच आणि संक्रमणाच्या जरा खालच्या तापमानाला काही काळ ठेवून मुरवलेली काच यांचे आलेख एकमेकांशी जुळतीलच असं नाही.