जन्मतः वजन १.७ किलो (दिवस पूर्ण भरले होते, पण पोटात वाढ कमी), मुलगा आता २२ महिन्यांचा, चार-पाचच शब्द बोलतो. थांबू की दाखवू?

दाखवा. आणि सगळ्यात आधी कान तपासून घ्या.

मी डॉक्टर नाही. माझी लेक ३८व्या आठवड्यात झाली, १ किलो ६०० ग्रॅमची. डॉपलर सोनोग्राफीत (रक्तप्रवाह बघतात ती) दिसलं की वारेतून रक्त नीट पोचत नाहीये, म्हणून घाईने सिझर केलं. अशा वेळी पोटातलं बाळ काटकसर करतं, मेंदूला आधी रक्त आणि उरलेलं बाकी अंगाला. म्हणून ही बाळं काडीसारखी आणि डोकं तेवढं मोठं दिसतं. पण त्याने मेंदू पूर्ण वाचतोच असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ पासून दोन किलोच्या आतली बाळं मोठी होईपर्यंत तपासत राहिले. बाराव्या वर्षी बहुतेकांची बुद्धी ठीकठाक निघाली, सरासरी मात्र चांगल्या वजनाच्या मुलांपेक्षा कमी. म्हणजे घाबरायचं नाही, पण लक्ष ठेवायचं.

'बाळ लवकर झालंय, तेवढे महिने वयातून वजा करा' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तुमच्या बाळाचे दिवस भरले होते. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द आणि 'पाणी दे', 'बाबा गेला' अशी दोन शब्दांची जोडी यायला हवी.

आमच्याकडे सासूबाई म्हणायच्या, हिचा बाबाही तिसऱ्या वर्षी बोलला. दीड वर्षाच्या लसीला डॉक्टरांना विचारलं, तेही हसून म्हणाले, बोलेल हो. त्यात सहा महिने गेले, त्याचा राग अजून आहे. जन्मानंतरची कानाची तपासणी पास होती आणि टीव्ही लागला की वळायची, म्हणून आम्हीही निर्धास्त. शेवटी निघालं काय, तर वारंवारच्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं. तिला आवाज कळायचा, शब्द नाही.

एक घरीच बघा. खुणा न करता नुसतं 'चप्पल आण' म्हटलं तर आणतो का? हवं ते बोट करून दाखवतो का? समज आणि खुणा असतील तर बरीच आशा असते. बोटही करत नसेल, तर याच आठवड्यात जा.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं सरकारी केंद्र) आहे का विचारा, तिथे मोफत बघतात. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे.

लेकीच्या स्पीच थेरपिस्टबाईंनी (बोलायला शिकवणाऱ्या) मला पहिल्या दिवशी काय शिकवलं सांगू? गप्प बसायला. मी दिवसभर 'बोल ना, केळं म्हण, केळं' असं मागे लागायचे. त्या म्हणाल्या, केळं अर्धं सोला, हातात धरा, तिच्याकडे बघा आणि मनात दहा आकडे मोजा. पहिले चार दिवस नुसतं रडणं. पाचव्या दिवशी 'के' आला. अख्खं केळं दिलं.