जीएनएमनंतर पोस्ट बेसिक करताय?

सिस्टर, आधी एक विचारते: पुढे एमएस्सी किंवा शिकवणं डोक्यात आहे का? असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सीला, म्हणजे जीएनएम या नर्सिंग डिप्लोमानंतरच्या पदवीला, पर्याय नाही. एमएस्सीला पदवीत ५५ टक्के लागतात, म्हणजे नुसतं पास होऊन भागत नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीतही जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात, पदवीवाल्यांना नाही.

कोर्स रेग्युलर, दोन वर्षांचा. नाइट करून सकाळी कॉलेज गाठू, हे मनातून काढा. क्लिनिकल पोस्टिंगची, म्हणजे वॉर्डातल्या प्रात्यक्षिक ड्युटीची, हजेरी कडक असते. सरकारी नोकरीत असाल तर अध्ययन रजेचं मेट्रनशी आधीच बोला. "फक्त परीक्षेला या" म्हणणाऱ्या कॉलेजपासून चार हात लांबच राहा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि नर्सिंग कौन्सिलची मान्यता, दोन्ही स्वतः तपासा. कौन्सिलमधल्या तुमच्या नोंदणीचं नूतनीकरणही अर्जाआधीच उरका.

वॉर्डात मुरलेल्यांना मेडिकल-सर्जिकल जड जात नाही. दांडी उडते ती पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत आणि दुसऱ्या वर्षी संशोधन व संख्याशास्त्रात. मीन, मीडियन, स्टँडर्ड डेव्हिएशन रोज एक उदाहरण हाताने सोडवा, गाइड पाठ करून काही होत नाही. केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचा आराखडा, मात्र पेशंटच्या उशाशी असतानाच लिहा. रात्री हॉस्टेलवर आठवून लिहिलेला व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, लगेच ओळखू येतो, "इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेलं आणि बाहेर पडलेलं पाणी) किती होतं?" एवढं विचारलं की बस्स.

आणि निकाल लागला की ही पदवी अतिरिक्त पात्रता म्हणून कौन्सिलमध्ये नोंदवा. बऱ्याच जणी तेवढंच विसरतात.