डुकरांचे नवे रोग : तयारी खरकट्याच्या पिंपापासून सुरू करा

गोव्यातील बार्देशातल्या एका वराहपालकाचा प्रश्न आहे : ‘आफ्रिकन स्वाइन फिव्हरची लस आल्याचे एक विक्रेता सांगतो. द्यावी का? माझी डुकरे हॉटेलांच्या खरकट्यावरच वाढतात.’ पेडण्याहून विचारणा आहे : ‘बेळगावकडून पिल्ले आणायची आहेत, किती दिवस वेगळी ठेवावीत?’ केप्याहून आलेला प्रश्न असा : ‘एखादे डुक्कर अचानक मेले, तर बाकीची लगेच विकून मोकळे व्हावे का?’ तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर एकत्र देत आहोत.

लस देऊ नका. आफ्रिकन स्वाइन फिव्हर या डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची मान्यताप्राप्त लस आपल्या देशात सध्या उपलब्ध नाही. चोरवाटेने आलेल्या लशीत जिवंत विषाणू असला, तर रोग त्या सुईतूनच गोठ्यात शिरू शकतो. विक्रेत्याकडे बहुधा क्लासिकल स्वाइन फिव्हरची, म्हणजे हॉग कॉलऱ्याची लस असेल. तो रोग वेगळा आहे. मात्र ती लस पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत अवश्य करून घ्या : पिल्लू दोन ते तीन महिन्यांचे झाल्यावर, आणि पुढे दरवर्षी. तिचा दुसराही उपयोग आहे. दोन्ही रोगांची लक्षणे इतकी सारखी असतात की प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय फरक सांगता येत नाही. लस दिलेल्या कळपात डुकरे मरू लागली, तर संशय लगेच आफ्रिकन स्वाइन फिव्हरकडे वळतो आणि तपासाचे दिवस वाचतात.

आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. जुलै 2022 मध्ये तो केरळच्या वायनाडमध्ये निघाला. एवढे अंतर डुकरांनी चालून कापलेले नाही. विषाणू जनावरांच्या गाड्यांतून, मांसातून, माणसांच्या पायांतून आणि खरकट्यातून फिरतो. गोव्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती खरकट्याची. पर्यटन हंगामात हॉटेले आणि शॅकमधून पिंपे भरून निघतात. त्यांत कुठल्या राज्यातले, कुठल्या शीतगृहातले डुकराचे मांस आहे हे हॉटेलवाल्यालाही सांगता येणार नाही. गोठवलेल्या, खारवलेल्या, धुरावर वाळवलेल्या मांसात हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे घरी चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे गोवन सॉसेज, करताना निघालेली कातडी, काटछाट आणि मांस धुतलेले पाणीही डुकरांना घालू नका.

खरकटे पूर्ण बंद करता आले तर उत्तमच. ते जमत नसेल तर उकळण्याची पद्धत बदलावी लागेल. पिंप चुलीवर ठेवून वर वाफ दिसली की उतरवणे म्हणजे उकळणे नव्हे. कडेचे पाणी खदखदत असते तेव्हा मधला भाताचा गोळा आणि हाडाजवळचे मांस कोमटच असते. 200 लिटरचे पिंप दोनतृतीयांशच भरा आणि मोठी हाडे आधीच काढून टाका. गाळ घट्ट असेल तर पाणी घाला, नाहीतर तळ करपतो आणि मधला भाग कच्चा राहतो. तापमान 90 अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर घड्याळ लावा. तिथून पूर्ण एक तास, लांब दांड्याने सतत ढवळत. लांब दांडीचा साधा थर्मामीटर घ्या आणि तो पिंपाच्या मधोमध बुडवून पाहा.

एवढे करूनही बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो तो बादलीत. कच्चे खरकटे ज्या बादलीने ओतले तिनेच उकळलेले वाढले, किंवा कच्च्यात घातलेला दांडा शेवटी पुन्हा आत फिरवला, की तासाभराचे सरपण फुकट गेले. कच्च्यासाठी लाल आणि उकळलेल्यासाठी निळी बादली ठेवा, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. चूल कुंपणाच्या दाराशी मांडा. हॉटेलचे पिंप गोठ्यापर्यंत जाऊ नये, तिथेच रिकामे होऊन परत जावे. सांडलेले कच्चे खरकटे कावळे, कुत्री आणि उंदीर आत नेतात, म्हणून ती जागा रोज धुवा.

खरकटे कमी करायचे तर पर्याय आहेत. खरकट्यात पाऊण भाग पाणीच असते. साधारण 50 किलोच्या डुकराला दिवसाला लागणारा दोन किलो कोरडा आहार भरून काढायला आठ किलोची बादली रिती होते. त्यातला बराच भाग भाताचा कोंडा, मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड आणि खनिज मिश्रणाने भरून काढता येतो. मार्च ते मे या काळात भट्टीवरून काजूच्या बोंडांचा चोथा मिळतो. तो ताजा आंबतो, म्हणून वाळवून थोड्या प्रमाणात मिसळा. खर्च वाढेल हे मान्य, पण संपूर्ण कळप गमावण्याशी त्याची तुलना करा.

आता पिल्लांचे. बाहेरून आणलेले प्रत्येक जनावर किमान 30 दिवस वेगळे ठेवा. आफ्रिकन स्वाइन फिव्हरची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत 4 ते 19 दिवस जातात, म्हणून आठवडाभर ठेवून काही कळत नाही. वेगळे ठेवणे म्हणजे त्याच गोठ्यातला शेजारचा कप्पा नव्हे. जागा जमेल तितकी दूर, पाणी मुख्य गोठ्याकडे वाहून येणार नाही अशी, आणि बादली, झाडू, गमबूट स्वतंत्र. आधी घरची डुकरे, शेवटी नवी पिल्ले, हा क्रम रोज पाळा. दोन दिवसांआड सकाळी गुदद्वारातून तापमान घ्या. 39 अंशांच्या आसपास ठीक. 40.5 च्या वर गेले आणि पिल्लू खायला उठत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. नाताळासाठी जनावरे आणणाऱ्यांनी हे 30 दिवस हिशेबात धरूनच खरेदी करावी.

व्यापारी आणि खाटीक गोठ्यात येऊ नयेत. ते एका दिवसात चार गोठे फिरतात. विकायचे डुक्कर तुम्हीच कुंपणाबाहेर आणून गाडीत चढवा. माजावर आलेल्या मादीसाठी शेजाऱ्याचा नर आणण्याची पद्धतही सोडा. कृत्रिम रेतनाबद्दल दवाखान्यात विचारा. खच्चीकरण करणाऱ्याची सुरी दरवेळी उकळलेली असावी. इंजेक्शनची सुई प्रत्येक डुकराला नवी वापरा, कारण रक्ताच्या एका थेंबातही विषाणू भरपूर असतो.

पाय बुडवण्याच्या ट्रेवर फार भरवसा ठेवू नका. दोन सेकंद बुडवलेल्या, शेणाने माखलेल्या बुटावर औषध काम करत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात उघडा ट्रे तासाभरात पाण्याने भरतो. त्यापेक्षा आतले गमबूट आतच ठेवा. दाराशी गुडघाभर उंचीची चिऱ्यांची भिंत घाला, तिच्यावर बसून बाहेरची चप्पल बाहेर काढा आणि पाय आत टाका. रिकामा कप्पा निर्जंतुक करताना आधी खरडून साबणाने धुवा आणि सुकू द्या. मग 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून फरशीवर पसरा, अर्धा तास तसाच ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नका.

सत्तरी, सांगे, काणकोणच्या जंगलाकडेला रानडुकरे येतात. तिथे डुकरे मोकळी सोडू नका. कुंपणाला खालून सिमेंटची पट्टी द्या, नाहीतर रानडुकरे उकरून आत शिरतात.

इतर दोन रोगांकडेही लक्ष असू द्या, कारण ते माणसालाही होतात. मलेशियात 1998-99 मध्ये निपाहचा विषाणू वटवाघळांनी उष्टावलेल्या फळांतून डुकरांत आणि डुकरांतून माणसांत गेला. गोठ्यावर आंबा, काजू, पेरूच्या फांद्या येत असतील तर छाटा आणि खाली पडलेली उष्टी फळे डुकरांना घालू नका. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांत वाढतो आणि डासांतून पसरतो. धुण्याचे पाणी साचू देऊ नका. गाभण माद्या मेलेली पिल्ले टाकू लागल्या, तर दवाखान्यात कळवा.

केप्याच्या प्रश्नाचे उत्तर : विकू नका, कापू नका, मांस वाटू नका. आफ्रिकन स्वाइन फिव्हर माणसाला होत नाही, पण ते मांस दुसऱ्या गोठ्यात रोग नेते. ताप, कान आणि पोटाची कातडी लाल-निळी होणे, रक्ताची हगवण, गर्भपात, किंवा काहीही लक्षण न दिसता मृत्यू, यांपैकी काहीही दिसले तर प्रेत न उघडता झाकून ठेवा, दार बंद करा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नमुना डॉक्टरच घेतील. पक्के निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. रोग ठरल्यास 1 किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र आणि 10 किलोमीटरचा निगराणी क्षेत्र धरला जातो. बाधित क्षेत्रातील डुकरे शासन नष्ट करते आणि भरपाई अशा नष्ट केलेल्या डुकरांसाठी असते. उशिरा कळवल्यास तोपर्यंत मेलेल्यांचा तोटा तुमच्यावरच येतो. म्हणून खरेदी, जन्म, विक्री आणि मृत्यूची तारीखवार वही आजपासून ठेवा.

मेलेली डुकरे पुरण्याची जागाही आधीच ठरवा. जांभ्या दगडात सहा-आठ फुटांचा खड्डा हाताने निघत नाही, आणि किनाऱ्याकडे तेवढ्यात पाणी लागते. विहीर आणि ओढ्यापासून दूर, जेसीबी पोहोचेल अशी जागा डॉक्टरांना दाखवून ठेवा, चुन्याची पोती कुठून मिळतील ते पाहून ठेवा. रोग येऊन गेल्यावर गोठा निर्जंतुक करून किमान 40 दिवस रिकामा राहू द्या. मग विषाणू उरला आहे का हे पाहण्यासाठी दवाखान्याच्या परवानगीने नेहमीच्या संख्येच्या दहाव्या हिश्शाएवढीच डुकरे आणा, त्यांना सगळ्या कप्प्यांतून फिरवा, आणि सहा आठवड्यांनी रक्त तपासून घेतल्यावरच बाकीची भरा.