नर्तकीचा घागरा विरघळतो तेव्हा

प्रश्न : फ्रेंच चित्रकार रेन्वाचं ‘नर्तकी’ हे तैलचित्र पुस्तकात पाहिलं. घागरा धुरासारखा, मागे काहीच नाही. चित्र अर्धवट राहिलंय का? यात पाहायचं काय?

उत्तर : चित्र पूर्ण आहे. १८७४ साली पॅरिसमधल्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट (क्षणाचा प्रकाश आणि रंग मोकळ्या फटकाऱ्यांत टिपणाऱ्या चित्रकारांच्या) प्रदर्शनात ते लागलं, तेव्हा लुई लरुआ या समीक्षकानेही तिचे पाय घागऱ्याच्या जाळीइतकेच कापसासारखे असल्याचं म्हटलं होतं. म्हणजे तुमची शंका चित्राइतकीच जुनी!

डोळे किलकिले करून पाहा. घागरा जवळजवळ नाहीसा होतो. चेहरा, गळ्यातली काळी फीत आणि मनगटावरचा काळा पट्टा उरतो. आता ती फीत बोटाने झाका. मान आणि खांदे फिक्या रंगात एकमेकांत मिसळतात, डोकं धडापासून वेगळं उठत नाही. एवढीशी फीत सगळी मांडणी तोलून धरते, आणि मला तर चित्रातली सर्वांत सुंदर जागा तीच वाटते.

मग घागऱ्याची कड शोधा. पांढऱ्या कापडाची सावली इथे काळी नाही, निळसर-करडी आहे. मागची भिंतही त्याच रंगांची, म्हणून कड हरवते. जाळीचं कापड असंच दिसतं : कमरेशी थरावर थर म्हणून दाट, कडेला एकच थर म्हणून पारदर्शक.

पावलं बाहेर वळलेली आहेत ती बॅलेच्या शिस्तीमुळे. हे वळण मांडीच्या सांध्यापासून येतं. शरीर एका बाजूला, नजर आपल्याकडे. ती नाचत नाहीये, उभी आहे.

मूळ चित्र सुमारे १४२ सेंटिमीटर उंच आहे. पुस्तकात ते वीतभर होतं, फटकारे एकमेकांत मिसळतात आणि नुसता धूर उरतो. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत मूळ चित्र पाहायला मिळालं तर आधी जवळून फटकारे पाहा, मग तीन-चार पावलं मागे या.

प्रश्न : त्याच काळातला फ्रेंच चित्रकार देगा याच्या ‘तारका’ या चित्रामध्ये नर्तकीचा चेहरा विचित्र का दिसतो?

उत्तर : प्रकाश खालून येतो म्हणून. रंगमंचाच्या कडेच्या दिव्यांनी हनुवटी आणि गळा उजळतो. रोजच्या सवयीच्या सावल्या उलट्या पडतात. आपण तिला वरून, जणू नाट्यगृहाच्या सज्जातून पाहतो. चेहऱ्यावरून ती आनंदी की दुःखी हे ठरवायची घाई मात्र करू नका. आधी डावीकडे, पडद्याआड पाहा : काळ्या पोशाखातला पुरुष, डोकं झाकलेलं. पॅरिस ऑपेराच्या श्रीमंत वर्गणीदारांना रंगमंचामागे जायची मुभा असे; हा त्यांच्यापैकीच असावा. तो दिसला की मग पुन्हा तिच्या पसरलेल्या हातांकडे या.