टॉर्च घेताना आधी आकडा बघ

अतिनील (यूव्ही) उजेडात चमकणारे दगड बघायला नोटा तपासायचा ३९५ नॅनोमीटरचा (हा उजेडाच्या लहरींचा आकडा) स्वस्त टॉर्च घेऊ नकोस. त्याच्या जांभळ्या उजेडातच दगडाची मंद चमक बुडून जाते. ३६५चा, काळी फिल्टर काच असलेला घे. आपल्या वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हनसाइट (एक खनिज) या उजेडात चमकत नाही, तो घ्यायचा तर रंगासाठी. सुरुवात कॅल्साइट या खनिजाने कर, तीही डोळे अंधाराला सरावल्यावर. टॉर्च विझवल्यावरही एखादा तुकडा क्षणभर उजळत राहतो, ते चुकवू नकोस.

विकत घेण्याआधी स्फटिकाच्या बुडाशी टॉर्च मार. निळसर पांढरी रेघ झळकली, तर बहुतेक गोंदाने चिकटवलाय. (कपड्याचे धागेही तसेच झळकतात, धुण्याच्या पावडरीमुळे. आधी ब्रश मार.) २५४ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा मात्र डोळ्यांना घातक, यूव्ही अडवणाऱ्या चष्म्याशिवाय पेटवायचा नाही.