टॅपेट कव्हरवर क्रोमची झिलई

प्रश्न : वडिलांची १४८९ सीसी इंजिनाची जुनी ॲम्बेसेडर मी पुन्हा उभी करीत आहे. टॅपेट कव्हर (इंजिनावरचे झाकण), एअर फिल्टरचा डबा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातील धूर बाहेर नेणारा नळ) यांना क्रोम स्प्रे मारला. तो आरशासारखा दिसला, पण वरून लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) देताच राखाडी झाला. चूक कोठे झाली?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : लॅकर घाईने आणि ओला बसला. या रंगात क्रोमियम नसते. ॲल्युमिनिअमचे अतिसूक्ष्म चपटे कण असतात आणि ते गुळगुळीत पृष्ठभागावर आडवे, एकमेकांना लागून बसले तरच आरसा तयार होतो. ओल्या लॅकरमधील थिनर त्यांना धरून ठेवणारा थर सैल करतो, कण अस्ताव्यस्त होतात आणि उरतो तो साधा चंदेरी रंग.

आता सगळा रंग उतरवा. रॉकेलने आणि मग थिनरने तेलाचा अंश काढा, पत्र्याचे पोचे ठोकून सरळ करा. इंजिनाच्या उष्णतेत लांबी (खड्डे भरायची पुट्टी) तडकण्याची भीती असल्याने मी ती येथे वापरणार नाही. खरी मेहनत त्यानंतरच्या चकचकीत काळ्या रंगावर घ्यावी, कारण क्रोमची झिलई म्हणजे या काळ्याचीच झिलई होय. तो पूर्ण कडक झाल्यावर दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने घासून, चेहरा दिसेपर्यंत पॉलिश करा. त्यावर क्रोमचे अगदी विरळ हात द्या आणि काळा झाकला जाताच थांबा. मग बोट न लावता काही दिवस ठेवून, हार्डनर मिसळून मारायचा टू-के क्लिअर, म्हणजे दोन घटकांचा पारदर्शक लॅकर, द्या. त्याचा पहिला हात नुसत्या धुक्यासारखा हवा. थोडी चमक तरीही जाईल. त्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे निरुपयोगी ठरतो, म्हणून हे काम योग्य श्वसनयंत्र असलेल्या पेंटरकडूनच करून घ्या.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा रंगाचे थेंब पत्र्यावर पोहोचण्याआधीच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू ओल्या रंगावर बसतात. बंद खोलीत, जमिनीवर पाणी शिंपडून काम करावे.

मॅनिफोल्डवर मात्र हा रंग टिकणार नाही. तेथील उष्णता कित्येक शे अंशांची असते. त्याला सिलिकॉनयुक्त उष्णतारोधक ॲल्युमिनिअम रंगच द्या. गाडी रोज चालवणार असाल, तर टॅपेट कव्हरला निकेल-क्रोमचा मुलामा करून घ्या, कारण ऑईल भरताना सांडलेले थेंब पुसून पुसून रंग मंद होईल. दोन्ही बाबतींत गॅस्केट (तेल अडवणारी चकती) बसते ती कड मात्र कोरीच ठेवा, नाहीतर तेथून तेल झिरपेल.